तेवीसच्या वर कोणीच नाही

देसाईगंज (वडसा)
बुधवार, ७ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

सप्रेम जय भीम.

रविवारी तू फोन आपटलास तेव्हा तुझ्या दहा मिनिटांतली चार मिनिटं शिल्लक होती. ती तू मायला दिलीस, हे मायनं सांगितलं. अकॅडमीत आठवडाभर फोन सरांच्या कपाटात असतात आणि पुढच्या रविवारी तू माझा नंबर लावणार नाहीस, म्हणून पत्र लिहितो. आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं करतो आहे.

तू फोनवर जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "तुह्या छातीनं तुले भरतीतून पाडलं, आता माह्या पायाले धरून मले पाडतं का?" बरोबर आहे. मी चार सेंटिमीटर फुगवली, पाच पाहिजे होती. त्याला तीन वर्षं झाली. पण हे त्याबद्दल नाही.

हे १२ डिसेंबरबद्दल आहे. त्या दिवशी फिजिओथेरपी केंद्रात मी यंत्रानं तुझ्या दोन्ही पायांची ताकद मोजली. चांगला, म्हणजे डावा, २३.२ किलो. ऑपरेशन झालेला उजवा २३.० किलो. रिना मॅडमनी रजिस्टर पाहिलं, गुडघा हलवून पाहिला आणि पळायला परवानगी दिली. तीन दिवसांनी तू गडचिरोलीला गेलीस.

मला वाटतं, त्या दिवशी यंत्रात काहीतरी बिघाड असावा. परत मोजल्याशिवाय आकडा धरता येणार नाही. तोपर्यंत कृपा करून एवढं कर:

आठशे मीटर पूर्ण वेगानं पळू नकोस. लांब उडी तर अजिबात नको, गुडघा तिथंच गेला होता. सरांना ताप आहे म्हणून सांग. पायऱ्या उतरताना उजवा पाय आधी टाक, चढताना डावा. रात्री सूज येते का ते बघ. दोन्ही गुडघ्यांभोवती दोरा गुंडाळ, गाठ मार आणि दोन्ही दोरे शेजारी ठेवून बघ, फरक लगेच कळतो.

पोलीस भरतीचं ग्राउंड १० फेब्रुवारीला आहे. अजून चौतीस दिवस आहेत. मॅडम केंद्रात असतात असा एक मंगळवार किंवा शुक्रवार काढून ये. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

तुझा दादा,
अश्वजित


देसाईगंज
मंगळवार, १३ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

यंत्रात बिघाड नाही. मागच्या पत्रात मी तसं लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना मला माहीत होतं.

खरं काय झालं ते लिहितो. २ तारखेला पोचूभाऊ आले होते. राइस मिलमधले हमाल, तू त्यांना पाहिलं आहेस, कानात बाळी घालतात. त्यांचा डावा गुडघा सुजला आहे. नियमाप्रमाणे मी आधी चांगला पाय घेतला. ते खाटेच्या काठावर पाय सोडून बसले, मी स्टुलावर समोर बसलो आणि यंत्राची गादी त्यांच्या नडगीला, घोट्याच्या चार बोटं वर लावली. तुला लावायचो तशीच. दोन्ही हातांनी यंत्र घट्ट धरलं आणि म्हणालो, "भाऊ, आता पाय पुढं ढकला. पूर्ण जोर."

"पूर्ण? तू उडशील गा."

"ढकला."

त्यांनी ढकलला. मी स्टुलासकट मागे गेलो. स्टूल भिंतीला लागलं, मी खाली बसलो.

"किती आले?"

"तेवीस पूर्णांक तीन."

पोचूभाऊ पोट धरून हसले. "तेवीस! अबे, मी पन्नासचं पोतं घेऊन ट्रकवर चढतो ना. हा आकडा माह्या पायाचा हाय का तुह्या हाताचा?"

बाकीचे पेशंट हसले. मीही हसलो. ते घरी गेल्यावर मी दार लावलं आणि रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. एकतीस नावं. म्हाताऱ्या माणसांचे आकडे वेगवेगळे आहेत, अकरा, चौदा, नऊ. पण जे धडधाकट आहेत, बसचा कंडक्टर, कबड्डी खेळणारा तो आरमोरीचा मुलगा, तू, त्या सगळ्यांचे आकडे तेवीसच्या आसपास. एकतीसमध्ये तेवीसच्या वर कोणीच नाही.

मग मी यंत्र भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबलं. तीनदा दाबलं. २३.४, २३.१, २३.३.

आता तुला कळलं असेल. समोरचा पाय माझ्या हातांपेक्षा जोरदार असला की माझे हात मागे सरतात, आणि ते जिथं सरतात तिथं आकडा थांबतो. तुझे दोन्ही पाय सारखे आलेच नव्हते. दोन्ही वेळा मीच आलो होतो. तुझा डावा तीस असेल, चाळीस असेल. उजवा तेवीस असेल, सव्वीस असेल. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

मॅडम मला म्हणायच्या, "अश्वजित, तू तीनदा मोजलंस तरी पॉइंटाचा फरक येतो फक्त. इतका भरवशाचा हात नागपुरातसुद्धा बघितला नाही मी." मी ते मायला सांगितलं होतं. मायनं शेजारी सांगितलं होतं. आकडा परत परत तोच येतो म्हणजे तो खरा, असंच मी धरून चाललो होतो.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. आज मंगळवार होता, त्या आल्या होत्या. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी पाण्याची बाटली भरून परत आलो.

पळू नकोस. बाकी काय लिहू?

अश्वजित


देसाईगंज
शनिवार, १७ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

माझं पाकीट गुरुवारी परत आलं. आत तुझी एक ओळ होती: "मॅडमची सही आहे. तू शांत राहा." ती तू माझ्या पहिल्या पत्राला लिहिली असशील. दुसरं तुला त्यानंतर मिळालं असेल, असं मी धरतो.

काल मॅडमना सांगितलं.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या खाली बसल्या. रजिस्टर मागितलं, आणि बोट ठेवत ठेवत ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "दोन तारखेला कळलं आणि आज सोळा तारीख. चौदा दिवस काय करत होतास?"

मी म्हणालो, "हिंमत करून राह्यलो होतो."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही एकदासुद्धा स्वतः धरून बघितलं नाही. आकडे इतके नीट यायचे की मला गरजच वाटली नाही." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्या मला सोडून देत नव्हत्या. स्वतःलाही धरत होत्या. त्यानं मला जास्त भीती वाटली. मॅडमचं चुकतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

उपाय असा आहे. यंत्र हातानं पेलायचंच नाही. पोचूभाऊंनी मिलमधून तो नायलॉनचा पट्टा आणला, ट्रकवर पोती आवळतात तो. पट्टा पेशंटच्या नडगीवरून घ्यायचा, आत यंत्र, आणि मागे खाटेच्या लोखंडी पायाला आवळायचा. पेशंट पाय पुढं ढकलतो तेव्हा पट्टा अडवतो, माणूस नाही. माझं काम फक्त यंत्र सरकू न देणं आणि आकडा वाचणं.

आधी पोचूभाऊंनाच बसवलं. त्यांनी ढकललं तशी खाटच वीतभर पुढे आली. मॅडम ओरडल्या, "थांबा, थांबा!" मग आम्ही खालच्या आडव्या पट्टीवर रेतीची चार पोती ठेवली. दुसऱ्यांदा ४६.८.

"आता बोल गा, लेखनिक," पोचूभाऊ म्हणाले. "म्हनलं नोहतं? वीस-बावीस किलो तू कुठी खाऊन टाकले होते?"

आठ पेशंटना परत बोलवायचं आहे. यादी मी केली, पहिलं नाव तुझं. मॅडमनी तुझ्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "मॅडम, पोरगी मस्त पळून राह्यली, टायमिंग पाहा तिचं. यंत्राचं का घेऊन बसल्या?" मॅडम म्हणाल्या, पळता येणं वेगळं आणि वळताना, थांबताना पायानं अंग पेलणं वेगळं. कमजोर पायाचं काम चांगला पाय करतो, म्हणून टायमिंग छान येतं. ऑपरेशनात गुडघ्यात बसवलेल्या नवीन शिरेवर एक दिवस सगळा भार येतो आणि ती पुन्हा तुटते. हे त्यांनी सरांना सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, बरं, पाठवा कोणाला तरी.

कोणाला तरी म्हणजे मला. मॅडमना पुढच्या रविवारी नागपूरला जायचं आहे. २५ तारखेला मी यंत्र आणि पट्टा घेऊन येतो. यंत्र मांडीवर ठेवीन, बसच्या वरच्या फळीवर नाही.

तुला मला भेटायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त बस आणि पाय दे.

अश्वजित


घर
सोमवार, २६ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

काल तू तिथं होतीस, तरी लिहितो, कारण आकड्यांचा कागद तू घेतला नाहीस. तो सोबत ठेवला आहे.

अकॅडमीत खाट नव्हती म्हणून पाण्याच्या टाकीजवळच्या सिमेंटच्या बाकाला पट्टा बांधला. एका अर्थी ते बरंच झालं, बाक हलत नाही. पंधरा-वीस मुली गोळा झाल्या. त्या चंचलनं मला विचारलं, "का वो दादा, भाजी मोजून राह्यले का पाय?" दुसरी म्हणाली, "हिचा पाय किलोवर देता का नगावर?" तू हसली नाहीस. तू आलीस, बसलीस, पँट गुडघ्यापर्यंत वर केलीस आणि समोरच्या पिंपळाकडे बघत राहिलीस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

डावा: ४१.०, ४१.३, ४०.९.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. पट्टा सोडून उजव्या पायाला बांधताना माझ्या हातून बक्कल दोनदा निसटलं. मला मनापासून वाटत होतं की उजवाही चाळीस यावा आणि तू मला सगळ्यांसमोर शिव्या द्याव्यास.

उजवा: २७.८.

"अजून," तू म्हणालीस.

२७.५.

"अजून. तू पट्टा ढिला ठेवला."

मी पट्टा आवळला. तू डोळे मिटलेस, बाकाची कड धरलीस, तुझ्या मानेवरची शीर वर आली. २७.९.

टाळ्या वाजल्या नाहीत. चंचल म्हणाली, "जाऊ दे ना वो, मशीनच असी हाय," आणि मुली पांगल्या.

मॅडमनी सांगितलेलं मी तुला तिथंच सांगितलं, परत लिहितो. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के पाहिजे. म्हणजे ३७ पाहिजे. तुझा अठ्ठावीससुद्धा नाही. म्हणजे चांगल्या पायाच्या साधारण दोन तृतीयांश. पंधरा दिवसांत तो ३७ होणार नाही. चार-पाच महिन्यांत होईल.

त्यावर तू एवढंच विचारलंस, "त्या दिशी, डिसेंबरात, मोजतानी तुले काहीच समजलं नोहतं?"

मी म्हणालो, "नाही."

तू पँट खाली केलीस. "आता जाय. बस चुकन."

बस चुकली नाही. आरमोरीपर्यंत उभा आलो. यंत्र पोटाशी धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं, यात का हाय? मी सांगितलं, वजनकाटा.

अश्वजित


घर
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दिव्यानी,

हे पत्र मायजवळ देतो. ती उद्या सकाळच्या बसनं तुझ्याकडे येते. तिला मी म्हटलं आहे, ग्राउंडच्या आधी दे, नंतर नको.

हे सहावं लेखन आहे. आधीची पाच फाडली, कारण प्रत्येकात मी शेवटी "पळू नकोस" असं लिहीत होतो. यात ते लिहिणार नाही. किती पळायचं, पळायचं की नाही, ते तुझं आहे. आकडे तुझ्याजवळ आहेत. मी दुसरी गोष्ट लिहितो.

तू विचारलंस तेव्हा मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं.

१२ डिसेंबरला तुझा डावा पाय मोजताना माझे हात मागे गेले होते. पहिल्याच वेळी. कोपर माझ्या पोटात रुतलं. मॅडमचा नियम पहिल्या दिवसापासून होता, "हात मागे गेला तर आकडा धरायचा नाही, मला हाक मारायची." तो नियम मीच माझ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला आहे. मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. पडदा तेवढा मध्ये होता.

मी हाक मारली नाही. तू समोर बसली होतीस. भरतीच्या ग्राउंडवर फीत लावणाऱ्या पोलिसानं मला म्हटलं होतं, "अजून फुगव ना, हवा नाई का अंगात?" तेव्हा तू कुंपणाच्या बाहेर उभी होतीस आणि ते तू ऐकलंस. घरी तू कधी बोलली नाहीस. पण तू ऐकलंस हे मला माहीत आहे. आता तुझ्यासमोर पडद्याआड हाक मारायची की मॅडम, या, माझ्या बहिणीचा पाय मला पेलत नाही. ते माझ्यानं झालं नाही. मी कोपर मांडीला टेकवलं, स्टुलाचा पाय खाटेला अडकवला आणि परत मोजलं. मग तेवीस पूर्णांक दोन आलं. मग उजवा घेतला. तोही तेवढाच आला, आणि तू एवढी हसलीस की मला वाटलं, असू दे.

पोचूभाऊंनी मला काही नवं दाखवलं नाही. त्यांनी फक्त ते मोठ्यानं म्हटलं.

म्हणून २ तारखेपासून मला झोप नाही. मोजायला चुकलो असतो तर मी एवढा घाबरलो नसतो.

मायजवळ गुळाची दशमी दिली आहे. ग्राउंडच्या सकाळी पोट भरून खाऊ नकोस, अर्धीच खा.

तुझा दादा


घर
शुक्रवार, १३ मार्च

प्रिय दिव्यानी,

तू पलीकडच्या खोलीत आहेस. तुझा पंखा चालू आहे, तो मला ऐकू येतो. तरी लिहितो, कारण महिनाभरात आपण बोललो ते "मीठ दे" आणि "मोटर बंद कर" एवढंच. हे तुझ्या उशाशी ठेवीन.

१० फेब्रुवारीचं मायनं मला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं. तू तिला सांगू नको म्हणाली होतीस, पण माय ती मायच आहे. चुलीजवळ बसून म्हणाली, "पोरगी लाइनीत उभी राह्यली. उंची देल्ली. छातीवर नंबर लावला. मले वाटलं आता पळते. तं तिनं नंबर काढला न् त्या पोलिसबाईच्या हातात देल्ला. बाई म्हणे, काऊन वो, घाबरली का? तं म्हणे, नाई बाई, पाय अजून भरला नाई." मग बाहेर येऊन तू दोन प्लेट पोहे खाल्लेस. माय म्हणाली, "तुह्या चिठ्ठीत का होतं रे?" मी म्हणालो, हिशेब नाही, एक कबुली होती. तिला कळलं नाही, तिनं परत विचारलंही नाही.

त्यानंतर तू दर मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्रात येतेस. मॅडमच मोजतात. मी खाटेवर रेतीची पोती रचतो, आकडा लिहितो आणि बाजूला होतो. तुझी पावलं आली की मी स्टुलावरून उठतो. रजिस्टरमध्ये "मोजणाऱ्याचं नाव" असा एक रकाना आहे, तो १६ जानेवारीपासून मी कोणाच्याच पानावर भरलेला नाही. मॅडम नंतर भरतात. त्यांनी एकदा विचारलं, "किती दिवस चालणार हे?" मी म्हणालो, माहीत नाही.

आज मॅडम आल्या नाहीत. त्यांच्या मुलाला ताप आहे. मी तुला दारातच सांगितलं, आज मोजणी नाही, फक्त व्यायाम करून जा. तू चप्पल काढलीस, आत गेलीस, खाटेवर बसलीस आणि पँट वर केलीस.

"मॅडम नाहीत," मी परत म्हणालो.

"मले दिसते. धर."

मी पट्टा बांधला. तू वाकून त्यात दोन बोटं घालून पाहिलीस. "ढिला हाय." मी आवळला. तू परत बोटं घातलीस, जेमतेम एक गेलं. कोपऱ्यात पोचूभाऊ गुडघ्याला शेक घेत होते, ते म्हणाले, "बाई, तुह्या भावानं आता पट्ट्यावर सारा जीव टाकला. हाताले काहीच ठेवलं नाई." तू हसलीस. पोचूभाऊंकडे बघून, पण हसलीस.

डावा: ४१.६, ४१.२, ४१.५.
उजवा: ३१.२, ३१.०, ३१.४.

तिसऱ्या वेळी तू मान वळवून स्वतः आकडा वाचलास. "एकतीस."

"सदतीस पाहिजे," मी म्हणालो.

"मले माहीत हाय किती पाहिजे."

मग तू माझ्या खिशातलं पेन काढलंस, रजिस्टर ओढलंस आणि मी सोडलेल्या त्या रकान्यात माझं नाव लिहिलंस. नाव लिहून मागचं पान उलटलंस, आणि उलटत उलटत १२ डिसेंबरच्या पानावर गेलीस. तिथं माझं नाव माझ्याच अक्षरात आहे, आणि तेवीस, तेवीस. मला वाटलं तू ते खोडशील. खोडलं नाहीस. पान मिटलंस.

जाताना तू तीन पायऱ्या उतरलीस. प्रत्येक पायरीला उजवा आधी.

मंगळवारी दहा वाजता ये. पट्टा मी आधी बांधून ठेवणार नाही. तू बसलीस की तुझ्यासमोर बांधीन, बोटं तू घालून बघ.

अश्वजित